ओम्बाशाला कुणी हसत नाही

लुवांडा हेहे जमातीचा होता आणि आम्ही न्गोनी. एवढं सांगितलं की सोंगेयाच्या बाजूचं कुणीही पुढचं समजून जातं. आमच्या आणि हेहेंच्या पणजोबांनी एकमेकांची गुरं पळवली, एकमेकांची गावं जाळली, शेवटी दोघंही दमले आणि त्यांच्यात थट्टेचं नातं ठरलं. तेव्हापासून हेहे माणूस दिसला की आम्ही त्याला कुत्रेखाऊ म्हणायचं, आणि त्याने म्हणायचं की तुमच्या कानांच्या टोचलेल्या भोकांतून बकरी आरपार जाईल. त्याने आमची कोंबडी उचलून नेली तर आम्ही गाव डोक्यावर घ्यायचं, पण कोंबडी परत मागायची नाही. राग धरायचा नाही. आणि दोघांतला एक मेला की दुसऱ्याने त्याच्या मयताला जाऊन त्याची अशी टर उडवायची की रडणाऱ्यांना हसू आवरू नये. ज्याच्या मयताला थट्टेकरी येत नाही तो बेवारशी गेला, असं आमच्यात मानतात.

लुवांडा आमच्या गावात वीसेक वर्षं राहिला. घर होतं, मक्याचं शेत होतं, म्हातारपणीही दात शाबूत होते. त्याला हवं होतं ते एवढंच, की आपण मेल्यावर न्गोनींनी येऊन आपली थट्टा करावी. आणि नेमकं तेवढंच द्यायला गाव तयार नव्हतं.

कारण लुवांडा जर्मनांच्या फौजेतला अस्करी, म्हणजे शिपाई होता.

त्या फौजेचं नाव संरक्षण दल होतं, हे मला मिशनच्या शाळेत कळलं. मी इतकी हसले की सिस्टरने मला वर्गाबाहेर उभं केलं. मला गाउडेन्शिया हे नाव देणारी हीच सिस्टर. आईला ते मरेपर्यंत धड म्हणता आलं नाही. तर त्या फौजेत वर मूठभर गोरे साहेब आणि खाली सगळी आपलीच काळी माणसं, कुणी सुदानकडची, कुणी तबोऱ्याकडची, कुणी हेहे. खाकी कपडे, पिंडऱ्यांना पट्ट्या, डोक्यावर गरुडाचं चिन्ह लावलेली उंच टोपी. ओम्बाशा म्हणजे त्यांच्यातला नाईक, चार-सहा शिपायांवर ओरडणारा. लुवांडा त्याच्या वर कधी चढला नाही, पण ते नाव त्याला जन्माचं चिकटलं.

आमच्या लोकांनी जर्मनांवर हत्यार उचललं तेव्हा अंगाला मंतरलेलं पाणी लावलं होतं, गोळ्यांचं पाणी होईल म्हणून. गोळ्यांचं काही झालं नाही. सोंगेयाला आमच्या मोठमोठ्या माणसांना ओळीने फासावर दिलं. तरी उरलेले लोक रानात शिरले आणि लढाई काही मिटेना. तेव्हा साहेबांनी हुकूम काढला की माणसं शोधत बसू नका, धान्य जाळा. अस्करी घरोघर गेले. कणग्या पेटवल्या, उभं पीक कापून टाकलं, पेरणीचं बीसुद्धा शिल्लक ठेवलं नाही. आमच्या घराची कणगी ज्या तुकडीने जाळली, तिच्यात लुवांडा होता. मी तेव्हा आईच्या पोटात होते. माझे दोघे मोठे भाऊ रानातली मुळं खाऊन खाऊन अंगाने सुजले आणि गेले. आईची धाकटी बहीण सिझिवे हिला अस्करींनी दोरीला बांधून नेलं. धरून आणलेल्या बायका शिपायांत वाटत असत. सिझिवेमावशी लुवांडाच्या वाट्याला आली.

म्हणजे तो नात्याने माझा काका. सांगताना तोंड कडू होतं, पण नातं ते नातं.

मावशी त्याच्यामागून चालत राहिली. पुढे गोऱ्यांची आपसात मोठी लढाई जुंपली तेव्हा तीही डोक्यावर मडकी घेऊन फौजेच्या मागे मागे सगळा मुलूख हिंडली. तिला मुलं झाली ती वाटेत, आणि पुरली तीही वाटेतच. शेवटी कुठेतरी दूर मुलखात जर्मनांनी हत्यारं खाली ठेवली. इंग्रजांनी अस्करींना काही दिवस तबोऱ्याच्या छावणीत कोंडलं आणि सोडून दिलं. तेव्हा मावशी त्याला म्हणाली, आयुष्यभर तू नेलंस तिकडे आले, आता मला माझ्या बहिणीच्या दारात नेऊन पोचव. त्याने पोचवलं. एवढं मात्र त्याने केलं. मावशी आमच्या दारात आली, आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, आणि पुढचा पावसाळा काही तिने पाहिला नाही.

ती गेल्यावर तो आपल्या हेहे मुलखात, इरिंगाला निघून जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो गेला नाही. तिकडे त्याचं कुणी नव्हतं, आणि इथे निदान बायकोची माती होती. आईने त्याला टेकाडाच्या उतारावर घर बांधायला जागा दिली. बहिणीच्या नवऱ्याला दारातून हाकलायची आमच्यात रीत नाही. आईने रीत पाळली, त्याहून वर काही नाही.

गावानेही त्याला शिवी दिली नाही की दगड मारला नाही. गावाने त्याला मान दिला. नाचणीची दारू गाळली की सगळ्यांत चांगली तिवई त्याच्यासाठी पुढे सरकवायचे. दारूने भरलेला पहिला भोपळा त्याच्या हातात. या ओम्बाशा, बसा ओम्बाशा, सावलीत बसा ओम्बाशा. आमची माणसं एकमेकांशी बोलताना आईबापांचा उद्धार केल्याशिवाय वाक्य पुरं करत नाहीत, आणि याच्याशी मात्र पाद्रीबाबाशी बोलावं तसं बोलायची. तो त्या तिवईवर असा बसायचा, की कुणी निखाऱ्यावर बसवलंय.

सुरुवातीला त्याला वाटलं, गाव लाजतंय, आपणच सुरुवात करावी. एके दिवशी भर दुपारी तो आमच्या अंगणात आला, आईच्या डोळ्यांदेखत एक कोंबडी पकडली आणि काखेत मारून उभा राहिला. थट्टेकऱ्याचा हक्कच तो. आता आईने केरसुणी घेऊन मागे धावायचं, कुत्रेखाऊ, तुला कुत्री पुरेनात का म्हणून ओरडायचं. तो वाट बघत होता. कोंबडीसुद्धा ओरडून ओरडून गप्प झाली. आई मका सोलत होती. तिने वर न बघता म्हटलं, "न्या, ओम्बाशा. मागे अजून एक आहे, ती पण न्या." दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोंबडी आमच्या दाराच्या खांबाला बांधलेली होती. हेहेने नेलेली कोंबडी स्वतः परत आणून बांधावी, असं आमच्या भागात कधी घडलं नव्हतं. गावाला ते कळलं आणि गाव त्याबद्दलही बोललं नाही.

दुसरे हेहे येत नव्हते असं नाही. म्होंगोले नावाचा एक तंबाखू विकणारा दर सुगीला यायचा. तो वाटेवर दिसायचा अवकाश, ओटमार कोम्बा चार पायांवर होऊन भुंकत त्याच्या अंगावर जायचा. कोम्बा म्हणजे आमच्या गावाचा नक्कल्या. पाद्रीबाबा, गाभण गाय, इंग्रज साहेब, सगळ्यांची हुबेहूब नक्कल करणारा. तो कुत्र्यासारखा म्होंगोलेचे पाय हुंगायचा आणि म्हणायचा, पळा रे, माझ्या मामाला खाऊन आलाय हा. हेहे माणूस जरा रुसला की गळफास लावून घेतो, अशीही आमची एक जुनी थट्टा आहे. एकदा म्होंगोले तंबाखूच्या भावावरून रुसल्याचं सोंग करून बसला, तेव्हा कोम्बा घरात जाऊन दोरच घेऊन आला आणि अदबीने विचारू लागला, कोणतं झाड पसंत आहे. म्होंगोले म्हणाला, आधी तुझ्या कानाच्या भोकात अडकवून बघू, वजन पेलतं का. बायका हसून हसून जमिनीवर लोळल्या.

लुवांडाही हसत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हसता हसता तो तिवईवरून उठला आणि म्हणाला, "मला पण दाखव की दोर, कोम्बा. मी पण हेहेच आहे."

कोम्बाचा बाप सोंगेयाला फासावर गेलेला. कोम्बाने दोर गुंडाळला आणि पाठीमागे धरला.

"तुम्हाला काय दाखवायचा, ओम्बाशा," तो म्हणाला. "तुम्ही पुष्कळ पाहिलेत. बसा तुम्ही, ऊन आहे."

म्होंगोलेने आपली तंबाखू आवरली. जाताना तो लुवांडाला त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाला आणि पुढच्या सुगीपासून आमच्या गावावरून न जाता पलीकडच्या वाटेने जाऊ लागला. तंबाखूसाठी आम्हाला तेव्हापासून नदी ओलांडावी लागते.

यानंतर शहाण्या माणसाने नाद सोडला असता. पण लुवांडाच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला होता. तो मला एकदा त्याने समजावून सांगितला होता. थट्टेचं नातं कशातून आलं, लढाईतून. पणजोबांनी जाळपोळ केली म्हणून आज नातवंडं हसतात. मग मी जी जाळपोळ केली तीही लढाईच. तिच्यावर कुणी उघड हसत नाही म्हणून ती नासत पडली आहे. एकदा कुणीतरी तिच्यावर हसलं की सुटेल. आणि हसायची सुरुवात त्यानेच करायला हवी, कारण आग त्यानेच लावली होती. मला तेव्हाही हे पटलं नव्हतं, पण खोडूनही काढता आलं नव्हतं.

सुगी झाली होती. आमच्या शेतावर कापणीला आलेल्या सगळ्यांसाठी आई अंगणात दारू गाळत होती. लुवांडाने बरीच घेतली होती. तो उठला, आईच्या समोर येऊन उभा राहिला, आणि थट्टेकरी बोलतात तशा चढ्या आवाजात बोलू लागला.

"काय मेव्हणीबाई, तुमची कणगी पेटवली ना, तेव्हा नाचणी अशी फुटत होती, लाह्यांसारखी. वास तर असा सुटला होता की विचारू नका. मी म्हटलं, हिची नाचणी इतकी गोड, तर हिची बहीण तरी नेऊ या."

थट्टा म्हणून पाहिलं तर बांधणी अगदी बरोबर होती. पणजोबांच्या आगीवर आमचे लोक याहून घाणेरडं बोलतात. आईने गाळणी बाजूला ठेवली आणि अंगावरच्या कापडाच्या टोकाला हात पुसले.

"तुझ्या पणज्याने माझ्या पणज्याचं गाव कशासाठी जाळलं रे?" तिने विचारलं.

इतक्या वर्षांत तिने त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं. त्याचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, आली एकदाची खेळात.

"गुरांसाठी," तो म्हणाला.

"आणि माझ्या पणज्याने तुझ्या पणज्याचं?"

"गुरांसाठीच की."

"दोघांना आपल्या पोरांच्या तोंडी दूध घालायचं होतं. म्हणून आज हसता येतं. तुला माझी नाचणी हवी होती का?"

"नाही."

"एक मूठ तरी खाल्लीस?"

"नाही. खायची नाही, जाळायची, असा हुकूम होता."

"मग मी हसू कुणाला? ती लढाई तुझी नव्हतीच. ज्याची होती तो बोटीत बसून गेला."

लुवांडाची नशा उतरत चालली होती. थट्टेचा आवाज जाऊन त्याचा खरा आवाज आला. तो म्हणाला, "माझ्या बापालाही जर्मनांनीच मारलं, मेव्हणीबाई. आमच्या इरिंगाला. आमची कणगीही त्यांनीच जाळली, मी लहान होतो. भूक म्हणजे काय ते मला नका सांगू. मी त्यांच्या तळावर गेलो ते पोटासाठी गेलो."



"म्हणजे तुला ठाऊक होतं," आई म्हणाली, आणि गाळणी उचलून पुन्हा दारू गाळू लागली.

त्या दिवसानंतर तो दारूला आला नाही. शेतावर दिसायचा, मावशीच्या थडग्यावरचं गवत काढताना दिसायचा. त्याच्या छातीत दुखणं शिरलं आणि हळूहळू तो अंथरुणाला खिळला. आई रोज त्याच्यासाठी पेज करायची, मीठ बेताचं, गाठ नाही, आणि माझ्या हाती पाठवायची. आजारी माणसाचं करण्यात तिने कधी कसूर केली नाही. मी पेज ठेवली की तो विचारायचा, "आई काय म्हणाली?" मी सांगायचे, "ओम्बाशांनी गरम असताना घ्यावी, म्हणाली." तो भिंतीकडे तोंड करायचा.

एका सकाळी त्याने मला बसायला सांगितलं.

"गाउडेन्शिया, कणग्या जळल्या तेव्हा तू जन्मली नव्हतीस."

"पोटात होते, काका."

"पोटात म्हणजे नव्हतीसच. तुझ्या हिश्शाला ती आग येत नाही. मी मेलो की तू ये. लोक मला घेऊन येतील, त्याच्या आधी खड्ड्यात उतरून आडवी हो. म्हणायचं, हा कुत्रेखाऊ आमच्या मातीत नको. आणि दारूचं मडकं मिळेपर्यंत उठायचं नाही. तुला पद्धत ठाऊक आहे."

पद्धत मला ठाऊक होती. थट्टेकरी खड्ड्यात पडतो, मेलेल्याच्या घरचे काकुळतीला येऊन मडकं पुढे करतात, मग तो उठतो. ज्याला मेलेला माणूस हवा असतो, तो मडकं देतो.

"मी आडवी होईन," मी म्हणाले, "पण मडकं कोण आणणार? तुमचं आहे कोण?"

"तुझी आई आहे," तो म्हणाला. "मेव्हणी लागते माझी. तिच्याकडे मडकं नेहमी असतं."

मला त्याची कीव आली. या माणसाच्या हाताने माझे भाऊ गेले, हे मला पाठ होतं, तरी कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा संताप आला. मी वाडगा उचलून त्याच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "ए कुत्रेखाऊ, मरायची एवढी घाई असेल तर आधी ही पेज संपव. वाडगा मला घासायचाय."

तो हसला. इतका हसला की खोकल्याची ढास लागली आणि मला त्याची पाठ चोळावी लागली. पेज त्याने शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. मडक्याचंही सांगितलं. आई चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "तू जन्मलीस तेव्हा माझ्या अंगावर दूध नव्हतं. तुझ्या तोंडात मी काय काय घातलं, ते तुला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तुला जायचं तर जा. मी अडवणार नाही." मला तिचा भयंकर राग आला. तिचंच खरं होतं म्हणून आणखीनच आला.

तो पेरण्यांच्या तोंडावर गेला. मयताला सगळं गाव आलं. धुतलेले कपडे घालून आले. कोम्बाने स्वतः खड्डा खणला, चारही कडा सरळ, तळ साफ केलेला. बायकांनी त्याचं अंग धुवून नवं कापड गुंडाळलं होतं. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. पोरांनासुद्धा गप्प बसवलं होतं. हेहेच्या मयताला न्गोनी गाव असं गप्प उभं राहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी पुढे झाले. एक काठी घेतली, बंदुकीसारखी खांद्यावर टाकली आणि त्याच्यासारखी छाती काढून, गुडघे ताठ ठेवून, त्या प्रेतासमोरून चालत गेले. नक्कल चांगली झाली होती. वीस वर्षं मी ती चाल पाहत आले होते. आमची माणसं माझ्याकडे बघत होती, पाहुण्यांपुढे घरचं पोर वेड्यासारखं वागलं की बघतात तशी. मी कोम्बाकडे बघितलं. त्याने मान फिरवली.

मी खड्ड्यात उतरले आणि आडवी झाले. माती ओली आणि गार होती. मी ओरडले, "हा कुत्रेखाऊ इथे नको. याला इरिंगाला न्या, तिकडची कुत्री वाट बघतायत. मला मडकं दिल्याशिवाय मी उठत नाही." माझा आवाज मलाच परका वाटला. मी पुन्हा तेच ओरडले. वरून कुणी उलट बोललं नाही, कुणी हातापाया पडलं नाही. मला फक्त चौकोनी आभाळ दिसत होतं. मी पडून राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही, पण पाठीला ओल लागेपर्यंत.

मग काठावर आई आली. तिचे हात रिकामे होते. ती खाली वाकून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

"ऊठ, बाळ," ती म्हणाली. "त्याची जागा आहे ती."

मी माझी मीच उठले. कोम्बाने हात दिला, मला वर ओढलं, माझ्या पाठीची माती झटकली. मग चौघांनी मिळून ओम्बाशाला खाली उतरवलं, अगदी सांभाळून, कुठे लागू नये असं.